नवीन प्लांटेड टँकमध्ये शेवाळ आलंय? टँक मोडू नका, आधी लाइट कमी करा

ताई, तुमचा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत झाडं लावलेला माशांचा टँक, रिकामा करू नका. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की या रविवारी सगळं काढून पहिल्यापासून लावायचा विचार आहे, आणि तसं केलंत तर अजून पाच आठवड्यांनी तुम्ही बरोब्बर याच जागी असाल, फक्त मधल्या काळात अजून थोडे पैसे आणि अजून दोनचार मासे गेलेले असतील. तुमच्या टँकला काही रोग झालेला नाहीये. तो अजून कच्चा आहे, आणि कच्च्या टँकवर तुम्ही पिकलेल्या टँकचा लाइट लावलाय.

तुम्ही दिलेली माहिती एकदा मांडतो म्हणजे मी कशावरून बोलतोय ते कळेल. नेरूळला फ्लॅट, हॉलमध्ये २ फूट बाय १ फूट बाय १५ इंच टँक, लावून ५ आठवडे झाले. तळाला झाडांसाठीची खत असलेली माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न ही झाडं, पुढे थोडा माँटे कार्लो (गवतासारखं पसरणारं छोटं झाड), मागे रोटाला या उंच वाढणाऱ्या झाडाच्या दोन जुड्या. सीओटू, म्हणजे झाडांसाठी सोडायचा कार्बन डायऑक्साइड, नाही. लाइट सकाळी ८ ते रात्री ८. तिसऱ्या आठवड्यात काचेवर, पानांवर तपकिरी थर आला, मग तुम्ही सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला, आता तपकिरी कमी झालं पण हिरवे धागे आलेत, दुकानातून अल्गीचं (शेवाळाचं) औषध आणि एक सकर फिश, म्हणजे शेवाळ खातो म्हणून विकतात तो काचेला चिकटणारा मासा, आणला, आणि ८ एम्बर टेट्रा माशांपैकी ३ गेले.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, सतरा-अठरा वर्षं प्लांटेड टँक करतोय, स्वतःचे आणि काही लोकांच्या घरचे, क्लिनिकचे पण. तुमच्यासारखीच स्टोरी मी इतक्या घरांत बघितलीय की फोटो न बघताही सांगता येतं.

नवीन टँकमध्ये शेवाळ का येतं ते आधी समजून घ्या, कारण ते कळलं की औषधाची बाटली हातात घ्यायची इच्छाच जाते. आपण दुकानातून जी प्लांट्स आणतो त्यातली बरीचशी नर्सरीत पाण्याच्या बाहेर, नुसत्या ओलाव्यात वाढवलेली असतात. ती पाण्यात बुडवली की जुनी पानं हळूहळू विरघळतात, पिवळी पडतात, भोकं पडतात, आणि झाड नवीन, पाण्यातली पानं काढायला लागतं. मुळं पण अजून धरलेली नसतात. म्हणजे पहिले तीनचार आठवडे झाड जवळजवळ काहीच खात नाही. त्याच वेळी अ‍ॅक्वासॉइल मात्र पाण्यात अमोनिया सोडत असतं, चांगल्या कंपनीचं असेल तर जरा जास्तच, ते त्याचं काम आहे, त्यात खत असतं. आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. आता या परिस्थितीवर १२ तास लाइट. खायला भरपूर आहे, ऊन भरपूर आहे, आणि ज्यांनी खायचं ते झाड आजारी पडून आहे. मग शेवाळ खाणार. शेवाळाचे बीजाणू नळाच्या पाण्यातून, झाडांवरून, हवेतून कुठूनही येतातच, ते अडवता येत नाहीत आणि अडवायची गरजही नाहीये.

जो तपकिरी थर आला होता ना, ते डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, नवीन टँकमध्ये सगळ्यात आधी तेच येतात आणि टँक थोडा स्थिरावला की आपोआप जातात. बोटाने पुसलं की निघतं. डायटमला काहीही करायचं नसतं, काच पुसायची, पाणी बदलायचं, वाट बघायची. तुम्ही त्याला घाबरून फिल्टर नळाखाली धुतलात तिथे खरी गडबड झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच टाकलेलं असतं, आणि तुमच्या स्पंजमध्ये तीन आठवड्यांत जे बॅक्टेरिया जमले होते ते पण जंतूच. ते गेले. म्हणजे पाचव्या आठवड्यात असूनही तुमचा टँक आतून दुसऱ्याच आठवड्यात आहे. स्पंज धुवायचा तो वॉटर चेंज करताना बादलीत काढलेल्या टँकच्याच पाण्यात, दोनदा पिळायचा आणि परत लावायचा, तो तपकिरी दिसला पाहिजे, पांढरा नाही.

टेट्रा का गेले असतील त्याबद्दल माझा अंदाज सांगतो. अ‍ॅक्वासॉइल पाण्याचा पीएच खाली खेचतं, साधारण सहा-साडेसहाला आणतं. कमी पीएचला अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तग धरून होते. तुम्ही एकदम सगळं पाणी बदललं, नवीन पाण्याचा पीएच सातच्या वर, आणि तळातल्या मातीतून अमोनिया येतच होता, तो आता विषारी रूपात जायला लागला, वर फिल्टरमधले बॅक्टेरिया पण नाहीत. अँटी-क्लोरीन टाकलं होतं की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीये, नसेल टाकलं तर क्लोरीनचा त्रास पण आलाच. तेव्हा यापुढे एका वेळी अर्ध्याहून जास्त पाणी बदलायचं नाही, आणि अँटी-क्लोरीन प्रत्येक वेळी, न चुकता.

आता काय करायचं. पहिली गोष्ट लाइट, आणि ही आजच. १२ तासांवरून ६ तास. तुमच्या लाइटला डिमर असेल तर अर्ध्यावर आणा, नसेल तर टँकपासून सहा-आठ इंच वर उचला. हाताने चालू-बंद करू नका, टायमर घ्या, साधा फिरवायचा मिळतो तो पुरतो. वेळ दुपारी ४ ते रात्री १० ठेवा म्हणजे घरातले सगळे घरी असताना टँक दिसेल. पाचपाखाडीत एका क्लिनिकमध्ये मी टँक सांभाळतो तिथे रिसेप्शनवरची मुलगी सकाळी आल्यावर पंख्याबरोबर टँकचा लाइट लावायची आणि रात्री शटर ओढताना बंद करायची, धाग्यांनी रोटाला दिसेनासा झाला होता, मी तिथे दुसरं काहीच केलं नाही, टायमर लावला आणि हाताने धागे काढले, तीनेक आठवड्यांत काच स्वच्छ. आणि एक बघा, तुमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे का? संध्याकाळचं ऊन दहा-पंधरा मिनिटं जरी थेट काचेवर येत असेल तरी तो लाइटच आहे, मागच्या काचेला काळा कागद चिकटवा किंवा पडदा ओढा.

सीओटू नाहीये तेव्हा जोरदार लाइटचा झाडांना उपयोगही होत नाही हे लक्षात घ्या. लाइट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, कार्बन म्हणजे पेट्रोल. पेट्रोल नसताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून झाड पुढे जात नाही, शेवाळ मात्र अगदी थोडक्यावर भागवतं. सीओटू लावायचं असेल तर नंतर नीट सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (टायमरवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) घेऊन लावा, लाइटच्या तास-दोन तास आधी चालू होईल असं, ड्रॉप चेकरमध्ये (सीओटू किती आहे ते रंगाने दाखवणारी छोटी डबी) ४ डीकेएचचं, म्हणजे ठरावीक क्षारतेचं, पाणी घालून पोपटी रंग येईपर्यंत, तेव्हा सीओटू साधारण ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम) असतो. बाटलीत साखर-यीस्टचा सीओटू करू नका. तो आज जास्त, परवा कमी येतो, आणि कमीजास्त होणाऱ्या सीओटूवर ती काळी ब्रश अल्गी हमखास येते. नसलेला सीओटू परवडला.

दुसरी गोष्ट झाडं, आणि मला विचाराल तर खरा उपाय हाच आहे. तुमच्या टँकमध्ये अनुबियास आणि जावा फर्न आहेत, ही दोन्ही इतकी सावकाश वाढतात की महिन्याला एखाददुसरं पान काढतील, ती पाण्यातलं काहीच ओढत नाहीत, उलट त्यांच्या जुन्या जाड पानांवर शेवाळ आरामात बसतं. माँटे कार्लो सीओटूशिवाय रडतखडत चालतो. राहिल्या रोटालाच्या दोन जुड्या. साठेक लिटर पाण्याला हे फारच कमी. पहिल्या दिवशी तळाचा निदान सत्तर टक्के भाग झाडांनी भरलेला पाहिजे, आणि त्यात अर्ध्याहून जास्त पटापट वाढणारी पाहिजेत. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, वॉटर विस्टेरिया, लिम्नोफिला, हॉर्नवर्ट, गप्पी ग्रास, यातलं काहीही आणा, स्वस्त असतात, यातली बरीचशी आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांत उगवणारीच आहेत म्हणून आपला उन्हाळाही सोसतात. हॉर्नवर्ट तर लावायचं पण नसतं, नुसतं सोडून द्यायचं. वर थोडं साल्व्हिनिया सोडा, तरंगणाऱ्या झाडांना हवेतला सीओटू फुकट मिळतो त्यामुळे ती पाण्यातला अमोनिया, नायट्रेट वेड्यासारखं खातात आणि सावली पण देतात. दर आठवड्याला अर्धं काढून टाकायचं, नाहीतर आठ दिवसांत पूर्ण पृष्ठभाग झाकेल.

आणि मनी प्लांट! बाल्कनीत असेलच तुमच्या. दोनतीन फांद्या कापून, पेरं पाण्यात राहतील अशा हँग-ऑन (काचेला बाहेरून अडकवायच्या) फिल्टरच्या डब्यात किंवा टँकच्या कडेला अडकवा, पानं बाहेर, मुळं आत. दोन आठवड्यांत मुळं फुटतात आणि ती मुळं जे काम करतात ते कुठलीही बाटली करत नाही. मी प्रत्येक नवीन टँकला हे करतो, तीन महिन्यांनी नको वाटलं तर काढून कुंडीत लावायचं. टँक चांगला बसला की हायग्रो-हॉर्नवर्ट पण कमी करत जा आणि मग तुम्हाला हवी ती नाजूक झाडं लावा. ही पहिली झाडं शोभेची नाहीत, ती कामाला ठेवलेली आहेत.

तिसरी गोष्ट पाणी. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड ३० ते ४० टक्के, त्यानंतर दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा अर्धं. कंटाळवाणं आहे, मला माहितीये, पण अमोनिया बाहेर काढायचा याहून सरळ मार्ग नाही. तुम्हाला नेरूळला मोरबे धरणाचं पाणी, पावसाचं साठवलेलं, म्हणून मुळात मऊ, झाडांना उत्तमच. फक्त दोन वेळा सांभाळा. पाणीपुरवठ्याच्या शटडाउनच्या दुसऱ्या दिवशी नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा वॉटर चेंज पुढे ढकला, आणि पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवून शिवाय अँटी-क्लोरीन टाका. घोडबंदर रोडला ज्यांच्या सोसायट्यांत टँकर येतो त्यांची गोष्ट वेगळी, तिथे टँकरचं पाणी कधी धरणाचं तर कधी बोअरचं, आज मऊ उद्या कडक, त्यांना मी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्यायला सांगतो आणि आकडा खूप उडी मारत असेल तर एका वेळी फक्त पंधरा-वीस टक्के.

धागे हाताने काढा. जुना टूथब्रश धाग्यात घालून गोल फिरवायचा, शेवयांसारखे गुंडाळून येतात. जी पानं पिवळी, अर्धवट विरघळलेली, धाग्यांनी लडबडलेली आहेत ती कात्रीने कापून टाका, हळहळू नका, ते पान परत बरं होत नाही आणि सडून अमोनियाच वाढवतं. हे सगळं वॉटर चेंजच्या आधी करा म्हणजे तुटलेले तुकडे सायफनमध्ये जातील.

आता त्या औषधाबद्दल, आणि इथे मला खरंच वाईट वाटतं. अल्गी मारायच्या बऱ्याच बाटल्यांत तांबं असतं. तांब्याने झिंगे आणि गोगलगाई मरतात. माझ्या पहिल्या टँकला धागे आले तेव्हा दुकानदाराने मला असंच काहीतरी दिलं, मी लेबल न वाचता टाकलं, सकाळी उठून बघतो तर जवळपास सगळे झिंगे पांढरे होऊन तळाला पडलेले, ते मी अजून विसरलेलो नाही. आणि समजा औषधाने शेवाळ मेलं तरी ते तिथेच सडणार, ऑक्सिजन खाणार, अमोनिया सोडणार, म्हणजे ज्यामुळे शेवाळ आलं तेच आपण परत वाढवणार. ती बाटली बंद करा, जे टाकलंय ते वॉटर चेंजने निघून जाईल, फिल्टरमध्ये थोडा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आठवडाभर ठेवलात तर उत्तम.

पुढे कधी काळे ब्रशसारखे झुबके आले, लाकडावर किंवा अनुबियासच्या कडांना, तर तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं पण हिशोब नीट करा. इंटरनेटवरचे बाहेरच्या देशातले सगळे डोस ३ टक्क्यांचे असतात. आपल्या मेडिकलमध्ये जी बाटली मिळते तिच्यावर बहुतेक वेळा '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे ६ टक्के, दुप्पट कडक. लेबल वाचा. तुमच्या टँकला मी ६ टक्केवाल्याचे एका वेळी ६-७ मिलीच्या वर जाणार नाही, तेही फिल्टर बंद करून, सिरिंजने थेट त्या झुबक्यावर, दहा मिनिटांनी फिल्टर चालू आणि वॉटर चेंज. हातात ग्लव्हज घाला. दोन दिवसांत झुबका लालसर-गुलाबी दिसला की मेला समजा. मॉस आणि व्हॅलिसनेरिया या झाडांना हे सोसत नाही.

निळसर हिरवी, बुळबुळीत चादरीसारखी, उचलली की अख्खी निघणारी आणि उग्र वास मारणारी काही दिसली तर ते शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया आहे. सायफनने काढायची, पाणी तिथे फिरतंय का बघायचं, आणि तीन दिवस टँक चादरीने पूर्ण झाकून अंधार करायचा. यासाठी लोक अँटिबायोटिकच्या गोळ्या टाकतात, कृपा करून टाकू नका, फिल्टरचे बॅक्टेरिया पण धोक्यात येतात आणि ते पाणी शेवटी गटारातच जातं.

खताचं काय, तर अ‍ॅक्वासॉइल नवीन आहे तोवर थोडं पोटॅशियम आणि सूक्ष्म द्रव्यांचं लिक्विड आठवड्यातून एकदा, अर्ध्या डोसने पुरे. पण घाबरून खत पूर्ण बंद करू नका. फॉस्फेटमुळे शेवाळ येतं हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच, ती समजूत जुनी आहे, १९९६ मध्ये सिअर्स आणि कॉनलिन या दोन टँकवाल्यांनी फॉस्फेट कमी ठेवा असं मांडलं होतं, पण नंतर टॉम बार या अमेरिकेतल्या प्लांटेड टँकवाल्याने आणि त्याच्या मागून कितीतरी लोकांनी भरपूर झाडं असलेल्या टँकमध्ये फॉस्फेट मुद्दाम टाकून दाखवलं की काही होत नाही. उलट अनुबियासच्या पानांवर जे घट्ट हिरवे ठिपके पडतात ते बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्यामुळे असतात. उपाशी झाड शेवाळाला जागा देतं.

सकर फिश परत करा, दुकानदार घेत असेल तर आजच. आता तो बोटाएवढा आहे, वाढून फूटभराच्या वर जातो, मोठा झाला की शेवाळाकडे बघतही नाही, झाडं उपटतो आणि घाण इतकी करतो की सगळं मुसळ केरात. आणि दुकानदाराने घेतला नाही तर कुणाला तरी मोठा टँक असेल त्याला द्या, पण तळ्यात सोडू नका. हे मी हात जोडून सांगतो. ठाण्यात मासुंदा, उपवन अशी तळी आहेत, तुमच्याकडे पण होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी साठवायची तळी) आहेत, हा मासा तिथे एकदा रुळला की काढता येत नाही, देशात कितीतरी ठिकाणी तो असाच सोडलेल्यांमधून पसरलाय. साल्व्हिनियाचं पण तसंच, काढलेलं उन्हात वाळवून कुंडीत खत म्हणून घाला, ओढ्यात नाही.

शेवाळ खाणारे हवेत तर महिन्याभराने, अमोनिया शून्य आल्यावर, दोन नेराइट गोगलगाई आणि दहा-बारा चेरी झिंगे. नेराइट काचेवर पांढरी अंडी घालतात पण ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत त्यामुळे पसारा होत नाही. अमानो झिंगे धाग्यांवर सगळ्यात भारी, प्लांटेड टँकसाठी प्रसिद्ध जपानी ताकाशी अमानोंनीच त्यांना या कामाला आणलं, पण ते थंड पाण्याचे, आपल्या एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३१-३२ ला जातं तेव्हा त्यांचे हाल होतात. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्री उतरतात, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला नाहीतर क्षार वाढत जातात. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पंख्याचा फारसा उपयोग नाही, पण तेव्हा गरजही कमी.

पहिले आठ-दहा दिवस काहीच फरक दिसणार नाही, धागे काढाल आणि परत येतील. त्या दहा दिवसांत वर सांगितलेली झाडं सोडून नवीन काही आणू नका, लाइट परत वाढवू नका. शेवाळाकडे बघू नका, रोटालाच्या शेंड्याकडे बघा. शेंड्याला नवीन, स्वच्छ, बारीक पानं यायला लागली की झाडांनी सूत्रं घेतली. मग दर दोन आठवड्यांनी लाइट अर्धा तास वाढवा, ८ तासांच्या पुढे सीओटूशिवाय जाऊ नका.

हायग्रो आणि गप्पी ग्रास विकत घ्यायची गरज नाही. माझं ट्रिमिंग दर रविवारी सकाळी असतं आणि बादलीभर निघतं. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येणं झालं तर सांगा, ओल्या पेपरात गुंडाळून पिशवीत भरून ठेवतो, तासाभराच्या प्रवासात काही होत नाही, घरी गेल्यावर दोन पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी लावा.